महाग होणार म्हणून माय काय साठवणार?

मंदीत कर वाढवा, म्हणजे लोक खर्च करतील.

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते दादरच्या एका सभागृहात. मागच्या खुर्चीवर बसून फुकटचा चहा पीत होतो. खांदा पोत्यांनी सोलून निघालेला. बोलणारा माणूस तसा वाईट नव्हता. शिकलेला, मऊ आवाजाचा, गरिबीवर बोलताना डोळे मिटणारा. त्याचं म्हणणं असं : मंदीत लोक पैसा दाबून बसतात. उद्या वस्तू स्वस्त होईल म्हणून आज घेत नाहीत. मग सरकारनं जाहीर करून टाकावं, की अमुक महिन्यापासून खरेदीवरचा कर वाढणार. लोक घाबरतील, आजच दुकानात धावतील. दुकान चाललं की कारखाना चालेल, कारखाना चालला की मजूर चालेल.

मजूर म्हणजे मी. मी चालायला तयारच बसलोय.

दोस्तहो, याला हसण्यावारी नेऊ नका. ही कुणा खुळ्याची बडबड नाही. मार्टिन फेल्डस्टीन नावाच्या अमेरिकन अर्थपंडितानं जपानला हाच सल्ला दिला होता. दर तीन महिन्यांनी खरेदीवरचा कर एक टक्का वाढवत न्या, आणि त्याच्या बदल्यात आयकर कमी करा. सरकारची तिजोरी आहे तिथंच, लोकांना घाई मात्र सुटेल. कागदावर हिशेब चोख. फक्त एक विचारा. आयकर कमी झाल्यावर सुटलेला पैसा कुणाच्या खिशात पडेल? जो आयकर भरतो त्याच्या. माझ्या टोळीतल्या माणसाला आयकराचा फॉर्म कुठल्या रंगाचा असतो तेही ठाऊक नाही. त्याला वाढीव कर तेवढा मिळणार. साबणावर, तेलावर, चपलेवर. एका हातानं घेणार आमच्याकडून, दुसऱ्या हातानं देणार त्यांना. वर म्हणणार, बघा, हिशेब जुळला.

आता खरं ते खरं. किंमत बदलणार हे आधी कळलं की लोक खरेदी पुढेमागे करतात, ही गोष्ट खोटी नाही. १५ ऑगस्ट २०२५ ला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी करण्याची घोषणा झाली. २२ सप्टेंबरला नवे दर लागू झाले. मधले पाच आठवडे गाडी घेणारे थांबून राहिले. शोरूमवाले माशा मारत बसले, आणि दर उतरल्याबरोबर गर्दी झाली. म्हणजे उलट्या बाजूनं का होईना, पंडिताचा नियम खरा ठरला.

पण कुणाच्या बाबतीत? ज्याच्याकडे थांबायला पैसा आहे आणि धावायलाही पैसा आहे त्याच्या. गाडी आज घेतली काय नि महिन्यानं घेतली काय. भूक थांबत नाही. तिला ऑगस्ट-सप्टेंबर कळत नाही.

माझं गाव सुलतानपूर. बुलढाणा जिल्हा, लोणार तालुका. मेहकरहून लोणारकडं निघालात की लागतं. लोणारचं सरोवर बघायला बाहेरचे लोक आमच्या रस्त्यानं जातात, खाली उतरत नाहीत. दोन एकर रान, त्यात सोयाबीन. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारनं बाहेरून येणाऱ्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं. कच्च्या तेलावर साडेपाच टक्के होतं, ते साडेसत्तावीस केलं. सांगितलं काय, तर सोयाबीनच्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून. निवडणूक तोंडावर होती हा योगायोग समजा. मी मुंबईहून मायला फोन लावला. म्हटलं, माय, तेल महागलंय, अजून महागणार म्हणतात. दोन-चार पुडे जास्तीचे घेऊन ठेव.

माय म्हणाली, "कायच्यानं घेऊ बाप्पा? तुह्या बापाचं सोयाबीन अजून वावरातच हाय. अन् घेतलं तं ठेवू कुठं, उंदरं पुडे फोडतेत."

त्या सभागृहातल्या माणसाच्या सगळ्या सिद्धांताला मायचं हे एक उत्तर पुरे आहे. साठवायला आधी पैसा लागतो, मग जागा लागते, मग उंदीर नसलेलं घर लागतं. मायनं काय केलं? आठवड्याला एक पुडा घ्यायची, तो दहा दिवस पुरवायला लागली. फोडणी बारीक केली. कढईत तेल ओतायच्या ऐवजी चमच्यानं टाकू लागली. कर वाढला आणि तिचा खर्च वाढला, हेही खरंच. रुपये तितकेच गेले, तेल कमी आलं. पंडिताच्या वहीत त्याला खर्च टिकला म्हणतात. आमच्या चुलीवर त्याला कोरडी भाजी म्हणतात.

आणि सोयाबीन? हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल जाहीर होता. दिवाळीला बापानं विकलं ते त्याच्या खाली. आसपास सगळ्यांनीच खाली विकलं. मायनं तेल चढ्या भावानं घेतलं, बापानं त्याच तेलाचं बी पडत्या भावानं दिलं. मधला पैसा कुठं गेला ते शोधायला मॅट्रिक पुरत नाही म्हणतात. मला तर वाटतं चौथी पुरते.

पण खरी परीक्षा झाली २०२० साली. टाळेबंदी. मंदी कशाला म्हणतात ते पुस्तकात वाचायची गरजच उरली नाही. एप्रिल ते जून या तीन महिन्यांत देशाची कमाई मागच्या वर्षीपेक्षा जवळजवळ चौथ्या हिश्श्यानं खाली. जगात तेलाला कुत्रं विचारत नव्हतं. २० एप्रिलला अमेरिकेच्या वायदेबाजारात कच्च्या तेलाचा भाव शून्याच्या खाली गेला. घेऊन जा, वर पैसे देतो, अशी गत. मग आमचा पेट्रोल-डिझेलचा भाव पडायला हवा होता की नाही? आधी १४ मार्चला लिटरमागं तीन रुपये उत्पादन शुल्क वाढवलं, आणि ५ मेच्या रात्री पेट्रोलवर आणखी दहा नि डिझेलवर तेरा. लोक रस्त्यावरून पायी घरी चालले होते त्याच दिवसांत. डिझेलवरचं केंद्राचं शुल्क मार्चच्या सुरुवातीला १५ रुपये ८३ पैसे होतं, ते ३१ रुपये ८३ पैसे झालं. दुप्पट.

बोला आता. मंदीत कर वाढवला होता. धावले का लोक दुकानात?

मी तेव्हा गावी होतो. काम बंद. ठेकेदारानं मागची मजुरीसुद्धा अर्धी दाबली होती, फोन उचलत नव्हता. ७ जूनपासून डिझेल रोज थोडं थोडं चढायला लागलं. नेमकी पेरणीची वेळ. ट्रॅक्टरवाल्यानं भाडं वाढवलं, त्याची तरी काय चूक. बापानं बियाणं घेतलं, खताचं पोतं एक कमी केलं. मायनं नवं लुगडं घेतलं नाही, माझी चप्पल शिवून आणली. म्हणजे खतवाल्याचं एक पोतं गेलं, कापडवाल्याचं एक लुगडं गेलं, चप्पलवाल्याचा एक जोड गेला. एका घरातून तीन दुकानं मारली. अशी घरं सुलतानपुरात किती, मेहकरात किती, विदर्भात किती? मागणी अशी मरते.

सरकारला मात्र फायदा झाला, नाही म्हणू नका. पेट्रोल-डिझेलवरच्या उत्पादन शुल्कातून केंद्राला २०१९-२० मध्ये सव्वादोन लाख कोटींच्या आत-बाहेर मिळाले होते, २०२०-२१ मध्ये पावणेचार लाख कोटींच्या जवळ गेले. माणसं घरात, गाड्या उभ्या, तरी कमाई दीडपटीच्या वर. आणि त्याच्या आधी, सप्टेंबर २०१९ मध्ये, कंपन्यांचा कर ३० टक्क्यांवरून २२ वर आणला होता. सरकारच म्हणालं की यात वर्षाचे एक लाख पंचेचाळीस हजार कोटी सुटतील. कंपनीला सूट कशासाठी? तिनं खर्च करावा म्हणून. आम्हाला कर कशासाठी? आम्ही खर्च करावा म्हणून! साला, एकाच रोगाला श्रीमंताला दूध आणि गरिबाला जुलाब.

जपानचं ऐकायचंय? त्यांनी खरेदीकर १ एप्रिल २०१४ ला पाचावरून आठ टक्के केला. मार्चमध्ये लोकांनी दुकानं रिकामी केली, कारण जपानी माणसाकडं बचत आहे, कपाट आहे. आणि एप्रिलपासून? खरेदी धाडकन खाली. पुढची वाढ ऑक्टोबर २०१५ ला ठरली होती, ती सरकारनं दोनदा पुढं ढकलली. ऑक्टोबर २०१९ मध्ये दहा टक्के केला तेव्हा परत तेच. मार्चची भाकरी फेब्रुवारीत खाल्ली म्हणून भाकरी दोन होत नाहीत.

बाबासाहेब फेब्रुवारी १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले, तेव्हा त्यांनी नेमकी हीच नस पकडली होती. आयकराला एक किमान मर्यादा आहे, त्याच्या खालच्या माणसाला कर नाही. शेतसाऱ्याला ती मर्यादा नाही. रान एक एकर असो की शंभर, पीक येवो न येवो, सारा द्यायचाच. आज साऱ्याच्या जागी साबण ठेवा. २०२५ च्या अर्थसंकल्पात बारा लाखांपर्यंतच्या कमाईला आयकर माफ झाला. चांगलं झालं, पगारदार सुटला. डिझेलला, तेलाला कुठली किमान मर्यादा आहे?

आता सभागृहातला तो माणूस म्हणेल, मग सरकारनं पैसा आणायचा कुठून? प्रश्न रास्त आहे. टाळणार नाही. कर वाढवून मंदीत खर्च वाढवता येतो, आणि ते याच महाराष्ट्रानं करून दाखवलंय. १९७२ चा दुष्काळ. माणसं खडी फोडायला बसली. त्यातून रोजगार हमी उभी राहिली, पुढं १९७७ ला तिचा कायदा झाला. पैसा आणला कुठून? १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. शहरातला पगारदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्यावर. त्याच्या पगारातून चार पैसे कापले, त्यानं कदाचित एक सिनेमा कमी बघितला. तेच चार पैसे खडी फोडणाऱ्या बाईच्या हातात पडले आणि संध्याकाळी वाण्याकडं गेले. तिच्या हातात पैसा रात्रभरसुद्धा मुक्कामाला राहत नाही. योजनेत खोटे मस्टर होते, खाणारे मुकादम होते, माझ्या आजीनं त्यांना दिलेल्या शिव्या अजून घरात पाठ आहेत. पण पैशाची वाट बरोबर होती. वरून घेतला, खाली सोडला.

२०२० मध्येही रोजगार हमीला चाळीस हजार कोटी जास्तीचे दिले होते. दिले. पण डिझेलवरच्या करानं त्याच मजुराकडून परत वसूल करायचं असेल तर त्याला देणं म्हणत नाहीत.

आणि गंमत बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये साबण, केसांचं तेल १८ टक्क्यांवरून ५ वर आले, सिमेंट २८ वरून १८ वर. कशासाठी? लोकांनी खर्च करावा म्हणून. बचत उत्सव असं नावही दिलं. म्हणजे कर उतरवला की लोक घेतात, हे यांना आधीपासून ठाऊक होतं. मग २०२० मध्ये काय झोपले होते?

त्या सभागृहात मी उठून एवढंच विचारलं, की सर, तुम्ही महिन्याला तेलाचे किती पुडे घेता? तो हसला. म्हणाला, घरचे बघतात. लोकही हसले. चहाचा कप खाली ठेवून मी निघालो. रात्रपाळी होती, आणि वडाळ्याची गाडी पकडायची होती.