वाट कोणी कोणाला द्यायची?

गोमंतकातील दत्तभक्तांना गाणगापूरची वाट नवी नाही. कोणी गाणगापूर रोड स्थानकावर उतरतो, कोणी कलबुर्गीस उतरून पुढे बस धरतो. आणि एकदा क्षेत्री पोचले की भीमा-अमरजेच्या संगमावरचे स्नान, मठातील निर्गुण पादुकांचे दर्शन, दुपारची पाच घरची माधुकरी हे सारे पायीच व्हायचे. देवाच्या दारी चालत जाण्यात आपल्या लोकांनी पुण्य मानले आहे. परंतु हाच भाविक एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात म्हाताऱ्या आईचा हात धरून कलबुर्गीच्या रेल्वे स्थानकातून बाहेर पडला आणि सुपर मार्केटच्या दिशेने चालू लागला की पुण्याचा विचार मागे पडून प्राणाची चिंता सुरू होते. पदपथ असलाच तर त्यावर दुचाक्या उभ्या. जेथे दुचाक्या नाहीत तेथे फरशी उखडलेली, आणि फरशी शाबूत असेल तेथे विजेचा खांब किंवा दुकानाचा फलक आडवा. अखेर माणूस रस्त्यावर उतरतो आणि मागून येणाऱ्या टमटम रिक्षाच्या शिव्या खातो. हे चित्र एकट्या कलबुर्गीचे आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. म्हापसा, मडगाव, फोंडा येथील बाजारपेठांत चालणाऱ्याची दशा याहून फारशी निराळी नाही, हे आमच्या वाचकांस सांगण्याची गरज नाही.

हा विषय आज हाती घेण्यास कारण आहे. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्वाळा दिला की, चालण्यायोग्य पदपथ मिळणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाने दिलेल्या जीविताच्या हक्काचाच भाग आहे. कोइम्बतूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. एस. राजशेखरन यांनी २०१२ साली दाखल केलेल्या याचिकेतून हे प्रकरण उभे राहिले. मोडलेली हाडे सांधता सांधता एखाद्या वैद्याला हाडे मोडणाऱ्या रस्त्याचाच इलाज करावासा वाटला, तर त्यात नवल नाही. पुढे ७ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायालयाने याच प्रकरणात सर्व राज्यांना व केंद्रशासित प्रदेशांना पादचाऱ्यांविषयीचे व रस्त्यांच्या रचनेविषयीचे नियम सहा महिन्यांत करण्याचा आदेश दिला. तो कर्नाटकाला लागू आहे, तसाच गोव्यालाही. चाळीस वर्षांपूर्वी, १९८५ साली, मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यातही पदपथ हे चालणाऱ्यांसाठी असतात असे याच न्यायालयाने म्हटले होते. त्या वेळी प्रश्न पदपथावर राहणाऱ्या गरिबांचा होता. आज पदपथावर मुक्काम ठोकून आहेत ती बहुतांशी मोटारवाल्यांची वाहने, आणि त्यांना हटविण्यासाठी मात्र कोणी न्यायालयापर्यंत जात नाही.

कायद्याची गोष्ट निघाली म्हणून एक आठवण द्यावीशी वाटते. बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची कल्याणी. विक्रमादित्य सहावा याच्या कारकीर्दीत विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवरील आपली मिताक्षरा टीका येथेच लिहिली. आपल्याकडे मिताक्षरेचे नाव निघते ते वडिलार्जित मिळकतीच्या वाटणीत, कोर्टकचेरीच्या ओघात. परंतु ज्या स्मृतीवर ही टीका आहे, तिच्या आचाराध्यायात रस्त्यावर वाट कोणाला द्यावी याचाही नियम सांगितला आहे. वृद्ध, डोक्यावर भार घेतलेला, स्त्री, रोगी, विवाहास निघालेला वर, अशांना समोरच्याने वाट द्यावी. राजा आणि स्नातक हेही त्या यादीत आहेत, परंतु राजा आणि स्नातक समोरासमोर आले तर राजाने बाजूस व्हावे अशी पुस्ती जोडलेली आहे. गाडीवानही यादीत आहे, हे आम्ही लपवीत नाही. त्याचे कारण उघड आहे, भरलेली बैलगाडी चिंचोळ्या वाटेवर वळविता येत नसे. तत्त्व असे की ज्याला बाजूस होणे जड जाते, त्याला वाट द्यावी. आजच्या गाडीवानाला बाजूस होण्यासाठी चक्राला किंचित कल द्यावा लागतो, थांबण्यासाठी पायाचा अंगठा दाबावा लागतो. जड जाते ते गुडघे दुखणाऱ्या म्हातारीला, कडेवर मूल असलेल्या बाईला, ज्वारीचे पोते पाठीवर घेतलेल्या हमालाला. कल्याणीच्या पंडिताला हे कळत होते. त्याच भूमीतून आज महामार्ग आखणाऱ्या अभियंत्याला ते कळू नये?

बिदर शहराचेच पाहा. पंधराव्या शतकात बहामनींची राजधानी गुलबर्ग्याहून येथे आली आणि तटबंदीच्या आत एक नीटस गाव वसले. गावाच्या मध्यावर जेथे मुख्य रस्ते एकमेकांस छेदतात तेथे चौबाऱ्याचा बुरूज उभा, जवळच १४७२ साली बांधलेला महमूद गवानाचा मदरसा. या गावच्या गल्ल्या अरुंद आहेत अशी तक्रार सरकारी कागदांत वारंवार केली जाते. गल्ल्या माणसाच्या मापाने आखल्या होत्या, त्यांत मोटारीचे माप कोंबले म्हणून त्या अरुंद झाल्या. युरोपातील कितीतरी जुनी गावे आपल्या गाभ्यातून मोटारी बाहेर ठेवतात आणि त्या गल्ल्या पाहण्यासाठी जगभरचे लोक पैसे खर्चून जातात. बिदरच्या चौबाऱ्याभोवतीचा बाजार दिवसाचे काही तास तरी केवळ चालणाऱ्यांसाठी मोकळा ठेवण्यास कोणता खर्च येणार आहे? व्यापारी प्रारंभी ओरड करतील. गिऱ्हाईक गाडीतून उतरल्यावाचून खरेदी करीत नाही, हे त्यांना यथावकाश उमजेल.

गावाबाहेरची स्थिती अधिक भयंकर आहे. पुणे-सोलापूर-हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग ६५ हुमनाबादवरून जातो, तर नांदेडकडून येणारा ५० क्रमांकाचा महामार्ग बिदर, हुमनाबाद, कलबुर्गी असा खाली उतरतो. रस्ते चौपदरी झाले, गुळगुळीत झाले, हैदराबाद जवळ आले. याचे कौतुक आम्हीही केले असते. परंतु ज्याचे घर रस्त्याच्या एका अंगाला आणि शेत दुसऱ्या अंगाला, ज्या मुलीची शाळा पलीकडे आणि पाण्याचा नळ अलीकडे, तिच्यासाठी त्या चार पदरांतून वाट कोठे? दुभाजकात कोणी तरी भगदाड पाडते, त्यातून माणसे वाकून जातात, आणि भरधाव येणाऱ्या मालमोटारीला त्यांची चाहूल लागेपर्यंत उशीर झालेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे असे आहे की ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने धडक बसली तर बहुतेक पादचारी जगतात, ताशी ८० च्या धडकेत मात्र शंभरांतील साठांच्या आसपास दगावतात. म्हणजे माणूस मरतो तो रस्ता ओलांडल्यामुळे असे समजण्यापेक्षा वेगामुळे मरतो असे समजणे शास्त्राला धरून होईल.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतील ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दररोज नव्वद. त्याआधीच्या वर्षी पादचाऱ्यांचा आकडा २९,१२४ होता. एखाद्या साथीत दररोज नव्वद माणसे मरू लागली तर विधिमंडळांची खास अधिवेशने भरतील. ही नव्वद माणसे नव्वद गावांतून विखुरलेली मरतात आणि आमच्यासारख्या वृत्तपत्रांतही त्यांना आतल्या पानावर चार ओळी मिळतात.

लोकांनाच शिस्त नाही, कोठूनही रस्ता ओलांडतात, असे एक ठरीव उत्तर यावर तयार असते. शिस्त नाही हे खरे धरून चालू. परंतु शिस्तीने चालावे तर कोठून? इंडियन रोड्स काँग्रेसने २०१२ साली पादचाऱ्यांच्या सोयींविषयी जी मार्गदर्शिका काढली, तीत पदपथावर निदान १.८ मीटर रुंदीची निर्वेध जागा असावी आणि त्याची उंची रस्त्यापासून १५० मिलिमीटरहून अधिक नसावी असे म्हटले आहे. आमच्या नगरपालिकांच्या पदपथांवर चढण्यासाठी पुष्कळदा शिडी लागावी अशी अवस्था असते. म्हातारे माणूस त्यावर चढत नाही ते बेशिस्तीमुळे नव्हे, गुडघ्यांमुळे. आणि उन्हाचे काय? उन्हाळ्यात कलबुर्गीचा पारा चाळिसाच्या पुष्कळ वर जातो. कर्नाटक सरकार या भागातील आपल्या कचेऱ्यांच्या वेळा एप्रिल-मेमध्ये बदलून सकाळच्या करते. कारकुनाला ऊन लागते हे सरकारला कळते. रस्तारुंदीत झाडे गेल्यावर पायी जाणाऱ्याला सावली कोठून मिळायची, हा प्रश्न मात्र कोणत्याच खात्याचा नाही.

पदपथ मोकळे करा म्हटले की अधिकाऱ्यांचा मोर्चा प्रथम भाजीवालीच्या टोपलीकडे वळतो, हा आजवरचा अनुभव आहे. २०१४ च्या कायद्याने फेरीवाल्यांना जागा नेमून देण्याचे बंधन पालिकांवर घातले आहे. ते आधी पाळावे. टोपलीला वळसा घालून माणूस जाऊ शकतो, उभ्या केलेल्या मोटारीला वळसा घालायचा तर त्याला रस्त्याच्या मध्यावर यावे लागते.

आता पैशाचे पाहू. राज्यघटनेतील ३७१-ज या अनुच्छेदाने जुन्या हैदराबाद संस्थानातील या जिल्ह्यांना खास दर्जा मिळाला, त्यांच्यासाठी विकास मंडळ स्थापन झाले आणि कर्नाटकाच्या अलीकडच्या अर्थसंकल्पांत त्या मंडळासाठी पाच हजार कोटी रुपयांच्या रकमा जाहीर झाल्या. पदपथ, झेब्रा पट्टे, शाळेसमोर वेग रोखणारे उंचवटे, दुभाजकात ठरावीक अंतरावर सुरक्षित मोकळी जागा ही साऱ्या कामांत स्वस्त कामे आहेत. कदाचित त्यांच्या स्वस्तपणामुळेच ती मागे पडत असावीत. उड्डाणपुलाचे उद्घाटन होते, कोनशिला बसते. झेब्रा पट्ट्यांवर कोनशिला बसविता येत नाही.

या जिल्ह्यांचे दुर्दैव असे की त्यांच्यासाठी बोलणाऱ्यांची तोंडे दुसऱ्याच दिशेला आहेत. १९५६ साली भाषावार पुनर्रचना झाली तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्याचे तुकडे तीन राज्यांत गेले. भालकी, औराद, बसवकल्याण या तालुक्यांतील मराठी माणूस तेव्हापासून सीमेवरचा माणूस म्हणून ओळखला जातो. त्याच्या भाषेविषयीचा आमचा जिव्हाळा वाचकांना ठाऊक आहे आणि त्यात तसूभर उणे होणार नाही. पण दुकानाचा फलक कोणत्या भाषेत असावा यावर दोन्हीकडचे पुढारी जेवढा घसा कोरडा करतात, त्याच्या शतांशाने तरी तो फलक पदपथाच्या मधोमध का उभा आहे असे विचारीत नाहीत. कर्नाटकाने २०२४ साली फलकावरील कन्नडचे प्रमाण साठ टक्के ठरवून दिले, महाराष्ट्राने मराठीसाठी आपले नियम कडक केले. फलकासमोरून चालणाऱ्या कन्नड आणि मराठी आईच्या वाट्याला किती टक्के रस्ता यावा, हे कोणी ठरविले आहे काय?

आणखी एका अन्यायाकडे लक्ष वेधणे जरूर आहे. अपघात झाला की खटला होतो तो चालकावर, आणि तो सापडला तर. अज्ञात वाहनाने उडविलेल्या माणसाच्या वारसांना केंद्राच्या योजनेनुसार दोन लाख रुपये मिळू शकतात, १ एप्रिल २०२२ पासून ही रक्कम लागू आहे. अर्ज महसूल खात्याच्या उपविभागातील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. किती घरांना हे ठाऊक आहे? ज्या घरी मराठी वाचतात आणि कचेरीचा कागद कन्नडमध्ये येतो, तेथे तर विचारूच नये. आणि ज्याने रस्ता असा बांधला की त्यावर माणूस मरणारच, त्याचे काय? २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम घातले गेले. रस्त्याच्या रचनेचे निकष न पाळणाऱ्या अधिकाऱ्यास, ठेकेदारास व सल्लागारास त्यामुळे मृत्यू ओढवल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंड क्षुल्लक आहे. तरीही एका तरी अभियंत्याला त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली, तर पुढच्या आराखड्यात पदपथाची रेघ आपोआप उमटेल.

फिनलंडच्या हेलसिंकी शहरात जुलै २०२५ अखेरच्या बारा महिन्यांत रस्त्यावर एकही माणूस मेला नाही. तेथील निम्म्याहून अधिक रस्त्यांवर वेगाची मर्यादा ताशी ३० आहे. ते श्रीमंत लोक, थंड देश, त्यांचे आम्हाला काय, असे कोणी म्हणेल. मग तुळजापूरकडे पाहावे. कोजागिरीच्या सुमारास कर्नाटकातून, बिदर-कलबुर्गीच्या गावागावांतून भाविकांचे जथे आंबाबाईच्या दर्शनाला पायी निघतात आणि त्या दिवसांत सोलापूर-तुळजापूर मार्गावरील वाहतूक प्रशासन दुसरीकडे वळविते. म्हणजे मनावर घेतले तर चालणाऱ्यासाठी मोटारीला बाजूस करणे आमच्या अधिकाऱ्यांनाही साधते. पण हेच भाविक त्याआधी हुमनाबादपासून उमरग्यापर्यंत त्याच महामार्गाच्या कडेने अंधारात चालत आलेले असतात. कर्नाटक व महाराष्ट्र या दोन्ही सरकारांनी येत्या कोजागिरीपूर्वी या पट्ट्यात कडेची वाट मोकळी करून तेथे दिवे लावावेत, वेगाची मर्यादा घालावी आणि ती पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी रात्रीचे पोलीस नेमावेत. त्यासाठी सीमाप्रश्नाच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.