गिटारीचा कान



गेल्या वर्षीं आमच्या दहावीच्या वर्गांतील, लालबागेस राहणाऱ्या एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "सर, माझ्या गिटारीचा पिकअप बदलावयाचा आहे. कोणता घेऊं?" विजेच्या गिटारीवर हार्ड रॉक व मेटल या जातीचें संगीत वाजविण्याचा त्यास मोठा नाद आहे. मी विज्ञान शिकवितों. मुलाचें वादन एकदांहि न ऐकतां मीं बेधडक सांगून टाकलें कीं, ज्या पिकअपावर अधिक किलोओहम रोध लिहिलेला असेल तो अधिक जोरकस, तोच घ्यावा. त्यानें वर्षभर सांठविलेले पैसे खर्चून तसा पिकअप आणला. आणि सहा तारांचे स्वर एकमेकांत कालवले जाऊन केवळ चिखल झाला. त्या चुकीची भरपाई व्हावी म्हणून हा लेख लिहीत आहें.

पिकअप हा गिटारीचा कान होय. लोहचुंबकाभोंवतीं केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे दिलेले असतात. वरची पोलादी तार थरथरली कीं चुंबकीय क्षेत्रांत बदल होतो व त्या वेढ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं शोधून काढलेला नियम तो हाच. त्याचा उपयोग करून अमेरिकेंत जॉर्ज बीचम यानें १९३१ सालीं गिटारीचा पिकअप सिद्ध केला.

एकेरी वेटोळ्याच्या पिकअपास एक खोड असते. तो तारेबरोबर आसपासच्या विजेची गुणगुणहि टिपतो. आपल्या चाळींतील दहा बाय बाराच्या खोलींत ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर व फ्रीज हे सारे गिटारीपासून दोन हातांवर असतात, आणि सेकंदास ५० आवर्तनांचा विद्युत्प्रवाह भिंतीभिंतींतून वाहत असतो. मेटलसाठीं आवाज अनेकपटींनीं वाढवून फाडावा लागतो. त्याबरोबर ही गुणगुणहि वाढते. यावर गिब्सन कंपनींतील सेथ लव्हर यानें १९५५ च्या सुमारास तोड काढली. त्यानें दोन वेटोळीं शेजारीं ठेवलीं. त्यांचे वेढे परस्परांच्या उलट व चुंबकाचे ध्रुवहि उलट. त्यामुळें गुणगुण गुणगुणीस मारते, आणि तारेचा स्वर मात्र दुणावतो. यास हंबकर म्हणतात. आपल्या घरांची रचना पाहतां, जड संगीत वाजविणाऱ्या मुंबईकर मुलानें हंबकरच घ्यावा, असें माझें स्पष्ट मत आहे.

परंतु कोणता हंबकर? १९७२ सालीं लॅरी डिमार्झिओ यानें 'सुपर डिस्टॉर्शन' हा पिकअप, तयार गिटारींत मागाहून बसविण्यासाठीं, बाजारांत आणला. तेव्हांपासून हा व्यापार इतका फोंफावला आहे कीं निवड करणें हेंच एक संकट होऊन बसलें आहे. स्थूलमानानें असें म्हणतां येईल कीं, अल्निको चुंबकाचा, मध्यम जोराचा पिकअप हार्ड रॉकला शोभतो; त्यांत हातानें हलकें वाजविलें तर हलकें, जोरानें वाजविलें तर जोरकस, असा भेद ऐकूं येतो. तारा खालच्या सुरांत लावून जलद तोडीव मेटल वाजवावयाचें असेल तर सिरॅमिक चुंबकाचा किंवा ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा पिकअप अधिक रेखीव वाटतो. किलोओहमचा आंकडा मात्र जोराचें माप नव्हे. नुसती तार अधिक बारीक घेतली तरी रोध वाढतो. चुंबक कसला व किती बलवान, हें त्या आंकड्यावरून कळत नाहीं. नेमकी येथेंच माझी चूक झाली.

ती सुधारली कोणीं? त्या मुलाच्या मामांनीं. ते गणपतीच्या मिरवणुकींत बेंजो वाजवितात. जपानांत १९१२ सालीं निघालेल्या तैशोगोतो नामक वाद्याचा हा वंशज आज गिरगांव-लालबागच्या रस्त्यांवर मुलासारखा नांदत आहे. आणि त्याच्याहि तारांखालीं पिकअपच असतो. मामांनीं स्क्रूड्रायव्हर घेऊन तो नवा पिकअप कांहीं फेरे खालीं उतरविला. चिखल निवळला! मग ते मजकडे वळून आदरानें म्हणाले, "सर, जुना असाच खालींवर करून पाहिलात का?" आम्हीं कोणींच पाहिला नव्हता. जुना पुन्हां बसविला. तो नव्याइतका जोरकस नव्हता, पण त्या मुलाच्या आजच्या तयारीला पुरेसा होता. वर्षाची सांठवण एका स्क्रूच्या कामावर खर्च झाली होती. मीं त्या मुलाची क्षमा मागितली.

म्हणून माझा क्रम असा आहे. प्रथम तारा नव्या चढवाव्या. मग पिकअपाची उंची बदलून ऐकावें. तो फार जवळ असला तर चुंबक तारेस ओढतो आणि सूर बिघडतो. एवढ्यानेंहि भागलें नाहीं तर घोडीजवळचा एकच पिकअप बदलावा. जड संगीताचें बहुतेक काम तोच करतो. घेण्यापूर्वीं खांच मोजावी. एकेरी पिकअपाच्या खांचेंत पूर्ण रुंदीचा हंबकर बसत नाहीं. हंबकरास साधारणतः ५०० किलोओहमचें, तर बॅटरीवाल्यास २५ किलोओहमचें आवाजाचें बटण लागतें, हेंहि हिशेबांत धरावें.

पालकांस एक विनंती आहे. "हा कसला गोंगाट!" असें म्हणून दार लावूं नका. हें संगीत बर्मिंगहॅमसारख्या कारखान्यांच्या शहरांत जन्मलें. तेथील टोनी आयोमी याच्या दोन बोटांचीं टोकें वयाच्या सतराव्या वर्षीं पत्र्याच्या कारखान्यांत तुटलीं. त्यानें प्लॅस्टिक वितळवून बोटांस टोपणें केलीं, हलक्या तारा लावल्या व पुढें त्या खालच्या सुरांत उतरविल्या. तो जड नाद जगभर गेला. गिरण्यांचे भोंगे ऐकलेल्या आणि १९८२ चा संप भोगलेल्या परळ-लालबागला ही कथा परकी वाटूं नये. मुंबईंत १९८६ सालीं सुरू झालेला 'इंडिपेंडन्स रॉक' हा जलसा धोबीतलावाच्या रंगभवनांत अनेक वर्षें गाजला, हें तुमच्यापैकीं कित्येकांस स्मरतहि असेल.

आणि विद्यार्थ्यांनो, आयोमीनें आधीं हात सांवरला व मग गिटार. तुम्हींहि गिटारीचा कान बदलण्यापूर्वीं आपला कान तयार करा. आणि सल्ला विचारावयाचा तर आंकडे वाचणाऱ्या मास्तराआधीं वाजविणाऱ्या मामास विचारा.