बॅटरीच्या तोंडाला कुलूप

माणसाने पैसे मोजून घरात आणलेली वस्तू माणसाशी बोलली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. मांजर फुकट येतं, तरी भूक लागली की सांगतं. मग एवढी महागाची बॅटरी गप्प का?

हल्ली पुण्यात गच्चीवर पापडांच्या जागी सौरपॅनेल वाळत घातलेली दिसतात आणि जिन्याखाली सायकलच्या जागी लिथियमची बॅटरी. आमच्याकडेही आहे. तिच्या पोटात १६ सेल एका माळेत ओवलेले, प्रत्येकाचे ३.२ व्होल्ट, मिळून ५१.२. या सोळा जणांवर नजर ठेवणारं एक सर्किट आतच बसलेलं असतं. कुणाचं व्होल्टेज किती, कोण तापलंय, सगळं त्याला ठाऊक. कारण माळेतला एक सेल दमला की उरलेल्या पंधरांनाही थांबावं लागतं. पंगतीत एका पानावर भात यायचा राहिला की सगळी पंगत ताटकळते तसं. हा दमलेला सेल वॉरंटीच्या आत कळला तर खर्च कंपनीचा, नंतर कळला तर माझा. तेव्हा ही नसती चौकशी नव्हे, हिशेब आहे. आणि मालकाला दिसतं काय? तर लुकलुकणारे सहा हिरवे दिवे. रोजच दिवाळी!

बॅटरीला एक सॉकेट आहे, इंटरनेटच्या वायरीला असतं तसलंच. तिथून कॉम्प्युटर जोडला की ते सर्किट सोळाही जणांची कुंडली मांडतं. मी कंपनीला फोन केला.

“सर, ती केबल आमच्या टेक्निशियनकडे असते.”

“मला विकत द्या.”

“साडेतीन हजार, सर. पण स्टॉक नाही.”

“निदान कोणती तार कुठं जाते ते तरी सांगा.”

“ती माहिती गोपनीय आहे, सर.”

गोपनीय! अहो, या बोलण्याची पद्धत अमेरिकेत १९६० साली ठरली. आरएस-२३२ तिचं नाव. साठी उलटलेलं गुपित! आणि तारा लागतात किती? तीन. एक बोलायची, एक ऐकायची आणि तिसरी दोघांची सामाईक, अर्थिंगची. याची बोलायची तार त्याच्या ऐकायच्या पिनेला जोडायची. तोंडाला तोंड जोडलं की काय होतं, ते सोसायटीच्या वार्षिक सभेत आपण पाहतोच. दोघांचा बोलण्याचा वेग तेवढा सारखा हवा. गंमत म्हणजे या पद्धतीत ‘एक’ हा आकडा उणे व्होल्टेजने सांगतात. नकार आला की होकार समजायचा. पुणेकराला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

याच शहरात सी-डॅकने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा केला. त्यातले ६४ ट्रान्सप्युटर एकामागून एक बिट पाठवूनच आपसात बोलत. आणि त्याच शहरात आम्ही जिन्याखालच्या डब्याशी दोन शब्द बोलायला परवानगी मागत फिरायचं!

सामानाची अडचण नव्हतीच. तापकीर गल्लीत कनेक्टर, वायर आणि यूएसबीला लावायचा कन्व्हर्टर, सगळं पाचशेच्या आत बसलं. दुकानदाराने एकच विचारलं, “काका, पिनांचा नकाशा आणलाय का?” तोच तर कंपनीच्या तिजोरीत! शेवटी सोसायटीतल्या, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी मीटर लावला. बोलणारी पिन गप्प असतानाही उणे व्होल्टेजवर बसून राहते. त्या खुणेवरून त्यांनी ती हुडकली. तासाभरात बॅटरी बोलू लागली. पहिली बातमी: अकरा नंबरचा सेल मागे रेंगाळतोय. वॉरंटीची मुदत शिल्लक होती. छापील आकडे कंपनीला पाठवले, तेव्हा कुठे टेक्निशियन आपली गोपनीय केबल घेऊन दारात उभा राहिला.

पण प्रत्येक सोसायटीत असा गृहस्थ असतोच असं नाही. कंपनी म्हणते, माहिती दिली तर गिऱ्हाईक भलतंच जोडून जाळून घेईल. उलट आहे! दिसायला अगदी जुळा, पण ३.३ किंवा ५ व्होल्टवाला कन्व्हर्टरही बाजारात मिळतो. तो इथं लावला तर त्याचा कोळसा व्हायची भीती. नकाशा छापला तर माणूस योग्य तो घेईल. दडवला तर अंदाजाने घेईल. जळतं ते अंदाजाने.

“पण ॲप आहे की!” म्हणजे माझ्या जिन्याखालची खबर आधी कंपनीच्या सर्व्हरला आणि तिथून मला. उद्या कंपनीने तो सर्व्हर बंद केला की बॅटरीचं मौनव्रत सुरू.

जुन्या व्हॉल्व्हच्या कित्येक रेडिओंच्या आत सर्किटची आकृतीच चिकटवलेली असे. त्याने कुणाचं दिवाळं निघाल्याचं ऐकिवात नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं यांपासून सुरुवात केली. त्या पंक्तीत घरच्या बॅटरीचंही पान मांडा.

माझी मागणी एका पानाची आहे. पिनांचा नकाशा, बोलण्याचा वेग आणि विचारायच्या आज्ञा. ‘बॅटरी पाण्यात बुडवू नये’ हे १२ भाषांत छापायला मॅन्युअलमध्ये जागा असते. त्यातली एक भाषा खुशाल गाळा. ती मराठी असायची भीती नाही. ती मुळात तिथं नसतेच.