खळ पांढरी कशाला हवी?

मक्याचा स्टार्च पाण्यात शिजवला की दाट लापशी होते आणि निवल्यावर तिचा थलथलीत गोळा. इचलकरंजीच्या सायझिंगमध्ये, म्हणजे मागावर जाण्याआधी सुताला खळ लावण्याच्या कामात, असा गोळा काय कामाचा? ताण्याच्या प्रत्येक सुतात खळ मुरली पाहिजे, वर पातळ पापुद्रा धरला पाहिजे; नाहीतर मागावर सूत तटातट तुटते. म्हणून स्टार्चचे ऑक्सिडीकरण करतात. त्याच्या लांबलचक साखळ्या तुटतात, त्यांवर कार्बोक्झिल गट येतात आणि खळ निवल्यावरही वाहती राहते.

हे काम वर्षानुवर्षे सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ‘हायपो’, करत आला आहे. तो स्वस्त आहे, स्टार्च पांढराशुभ्र करतो आणि ३० ते ५० अंश तापमानात दाणा न फोडता काम उरकतो. कारखानदार तो सोडायला तयार नाहीत, यात नवल नाही. पण मागे उरते ते धुवण: त्यात मीठ असते आणि क्लोरीन चिकटलेले सेंद्रिय पदार्थही. खळ वापरणाऱ्याला ते दिसत नाही, कारण ते स्टार्च कारखान्याच्या गावात वाहते.

दुसरा पर्याय हायड्रोजन पेरॉक्साइडचा. काम झाले की त्याचे पाणी होते. एकटा तो फार सावकाश चालतो, म्हणून उत्प्रेरक म्हणून चिमूटभर हिराकस (लोहाचा क्षार) किंवा मोरचूद (तांब्याचा क्षार) घालतात. पेरॉक्साइड आणि लोहाच्या या जोडीची ताकद रसायनशास्त्रज्ञ फेंटन यांनी १८९४ मध्येच दाखवून दिली होती. मात्र ही जोडी साखळ्या भराभर तोडते आणि कार्बोक्झिल गट कमी देते. त्यामुळे खळ पातळ झाली तरी निवल्यावर घट्ट होण्याची तिची खोड पुरती जात नाही. लोह राहिले तर पिवळसर झाक येते. तांबे धुवणात गेले तर थोडेही माशांना घातक ठरते.

तरीही सायझिंगपुरता माझा कौल पेरॉक्साइड आणि लोहालाच आहे. सांडपाण्यातले लोह चुन्याने खाली बसवता येते; मीठ जैविक शुद्धीकरणातून जसेच्या तसे बाहेर पडते आणि ते काढणे महाग. शिवाय खळ शेवटी धुवूनच काढायची असते आणि बरेचसे कापड पुढे ब्लीचही होते, मग स्टार्च पांढराशुभ्र असण्याचा हट्ट कशासाठी? कागदाचे तसे नाही. तिथे स्टार्च पानावरच राहतो, झाक डोळ्यांना दिसते; तूर्त तिथे हायपो राहू द्यावा.

सायझिंगवाल्यांनी पुढची गोणी घेताना भावाबरोबर एवढे जरूर विचारावे: हा स्टार्च हायपोचा की पेरॉक्साइडचा?