बैलाची चौकशी

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बैल घेणारा आधी दात बघतो. मग खूर, खांदा, चाल. गावही विचारतो. खिलार असेल तर माणदेशातला की पंढरपूरकडचा, हे खोदून काढतो. असाच बैल ऊसतोडीच्या टायरगाडीला जुंपला जातो. गाडीवर बसलेल्या नवरा-बायकोला मात्र श्रीगोंद्याच्या ऊसपट्ट्यात कुणी असे विचारत नाही. दोघे मिळून एक कोयता. बाकी माहिती मुकादमाकडे.

ही माणसे बीडकडून येतात, पाथर्डी-शेवगावकडूनही येतात. पाथर्डी-शेवगाव तर श्रीगोंद्याच्याच जिल्ह्यात. तरी हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत ती 'बाहेरची'च.

त्यांच्यापर्यंत कला-संस्कृती न्यायला हवी, असे अधूनमधून कुणाला तरी वाटते. हेतू चांगला. साचा मात्र ठरलेला. व्यसनमुक्तीचे पथनाट्य, एक व्याख्यान, ब्लँकेटवाटप, फोटो. पहाटे फडात गेलेली आणि अंधार पडल्यावर गाडी भरून परतलेली बाई सतरंजीवर बसणार, आपण मंचावर. दिवसभर मोळ्या वाहिल्या, आता टाळ्याही तिनेच वाजवायच्या.

होळी ऐन हंगामात येते. बंजारा टोळी उतरली असेल तर कोप्यांपुढे, म्हणजे त्यांच्या झोपड्यांपुढे, होळीची लेंगी गाणी रंगतात. डफाचा ठेका, फेर धरलेल्या बाया, बाप्ये, पोरे. दुसऱ्या दिवशी त्याच पायांना त्याच फडात जायचे असते, तरी गाणे आवरत नाही. हाकेच्या अंतरावर गावात डीजे वाजत असतो. गावातून कोप्यांकडे ऐकायला म्हणून किती जण जातात? मंडप लागत नाही, कलावंतांचे भाडे लागत नाही. ते चार-पाच महिने शिवारातच मुक्कामाला आहेत. हीच लेंगी एखाद्या लोककला महोत्सवात तिकीट लावून झाली, की आपण पुढची खुर्ची धरणार.

ऐकायला माणसाने जायचे असते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या ओवी-संकलन प्रकल्पातली माणसे गावोगाव बायांकडे गेली, त्यांच्यापाशी बसली. एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या त्यातून जमल्या. बायांचे प्रबोधन करायला कुणी निघाले असते, तर त्यातली एकही हाती लागली नसती.

आता कारखान्यांच्या, हंगामाच्या सुरुवातीच्या मोळीपूजनाची पत्रिका बघा. अध्यक्ष, उपाध्यक्ष, संचालक, कार्यकारी संचालक, प्रमुख पाहुणे. गव्हाणीत मोळी टाकणाऱ्यांची नावे पदांसकट असतात. मोळी बांधणाऱ्यांची सहसा नसतात. तोवर पहिल्या टोळ्या येऊन ठेपलेल्या असतात. मग पत्रिकेत आणखी एक ओळ हवी: 'टोळीची गाणी', खाली गाणाऱ्यांची नावे, गावे. आणि गाण्याचे रोख मानधन. एवढे करायला वार्षिक सभेचा ठराव लागत नाही.