कन्सोल केबल डोंगरावरच ठेवा

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर लाखो भाविक येतात, सासनकाठ्या नाचतात, अवघी वाडी रत्नागिरी गुलालाने माखते. त्या गर्दीत कॅमेऱ्यांना जोडणारा स्विच बंद राहणे परवडत नाही. मी नेटवर्कची कामे करतो, म्हणून आग्रहाने सांगतो: सिस्टीम पुसली गेली म्हणून स्विच भंगारात काढू नका.

सिस्कोच्या कॅटॅलिस्ट २९६० सारख्या स्विचमध्ये बूटलोडर वेगळा असतो. फ्लॅशमधली सिस्टीमची फाइल गेली तरी तो राहतो. कन्सोल केबल लावली की पडद्यावर ‘स्विच:’ एवढेच दिसते. तिथे आधी फ्लॅश सुरू करायची, मग एक्समोडेमने फाइल चढवायची. मात्र मूळ ९६०० बॉडच्या वेगाने ८ एमबीच्या फाइलला सव्वादोन तासांहून जास्त लागतात. वेग १,१५,२०० केला (लॅपटॉपवरही तोच हवा), की काम काही मिनिटांवर येते. नंतर तो पुन्हा ९६०० करावा.

खरी अडचण फाइलचीच. ती कोल्हापुरात कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये असते आणि यात्रेत घाट गाड्यांनी भरलेला असतो. त्या मॉडेलची फाइल, केबल आणि सेटिंगची प्रत यात्रेआधीच डोंगरावर कुलपात ठेवली पाहिजे. खर्च जवळपास केबलपुरताच आहे.