‘चालतंय की’ म्हणत अजून किती इंजिनं मारायची?

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. पण रोज स्टॉपवर उभं राहून बसची वाट बघणाऱ्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

गेल्या महिन्यात गावाकडनं कोल्हापूरला येत होतो. सकाळची गाडी, आत निम्मी कॉलेजची पोरं-पोरी. चढाला इंजिन तापलं, पुढनं वाफ यायला लागली आणि गाडी बाजूला घेतली. कंडक्टरनं पोरांकडच्या पाण्याच्या बाटल्या गोळा केल्या. त्यातल्या दोघींचा त्या दिवशी पेपर होता. एकजण रडत घरी फोन लावत होती.

मी खाली उतरून बघितलं. रेडिएटरचा होज पाइप फुटलेला. रबर इतकं कडक झालेलं की बोटानं दाबलं तर तुकडा पडत होता. ड्रायव्हर म्हणाला, “काका, आठ दिवस झालं रजिस्टरला लिहितोय. चालतंय तवर चालवा म्हणत्यात.”

नंतर कळलं, तापलेल्या इंजिनचं हेड गेलं. काही शेकड्यांच्या पाइपापायी इंजिन उतरवावं लागलं. गाडी अजून उभीच आहे आणि सकाळची ती फेरीही बंद आहे. गाडी कुठल्या खात्याची ते लिहीत नाही, कारण हा रोग एका खात्याचा नाही.

मी तीस वर्षं उद्यमनगरात इंजिनं बांधली. बोअर केले, लायनर बसवले, क्रँक बघितले. म्हणून हे लिहायचा मला अधिकार आहे असं समजतो. ज्या गावात म्हादबा मेस्त्रींसारखा कारागीर होऊन गेला, ज्या गावच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फौंड्र्यांत ओतलेले ब्लॉक आणि हेड देशभरच्या ट्रॅक्टर-ट्रकांत बसतात, त्या गावची माणसं बिघडलेल्या गाडीला धक्का मारतात. याची लाज वाटायला पाहिजे.

आता साधी गोष्ट सांगतो. इंजिनच्या पार्टांचे तीन प्रकार धरा.

पहिला, मुदत संपली की बदलायचे. ऑइल, फिल्टर, कूलंट, पट्टे, होज पाइप. हे चांगले दिसत असले तरी बदलायचे. बऱ्याच मोटारींत टायमिंग बेल्ट ६० हजार ते १ लाख किलोमीटरच्या दरम्यान बदलायला सांगतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. हा पट्टा तुटायच्या आधी आवाज करीलच असं नाही. तुटला की बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि सगळं इंजिन उघडावं लागतं.

दुसरा, मोजून बदलायचे. पिस्टन, रिंगा, लायनर, बेअरिंग. यांना नुसता किलोमीटरचा आकडा लावून चालत नाही. एक इंजिन तीन लाखाला धूर मारतं, दुसरं सहा लाखाला ठणठणीत असतं. कॉम्प्रेशन बघा, ऑइलचं प्रेशर बघा, ऑइल किती खातंय ते लिहून ठेवा. मग ठरवा.

तिसरा, बंद पडल्यावर बदलला तरी कुणाचं नुकसान नाही असा. केबिनमधला दिवा, पंखा वगैरे.

आपल्याकडं काय होतं? पहिल्या आणि दुसऱ्या प्रकाराला तिसऱ्याचा नियम लावतात. फुटल्यावर बघू! एअर फिल्टर वेळेत बदलत नाहीत. मग उसाच्या हंगामातली रस्त्यावरची धूळ आत जाऊन लायनर घासते, इंजिन ऑइल खायला लागतं, आणि शेवटी ‘गाडीच जुनी झाली’ म्हणून फाइल वर जाते. गाडी जुनी झाली नव्हती, ती मारली गेली.

सरकारनं १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी बंद केली. ठीक आहे. पण वय म्हणजे झीज नव्हे. साहेबांची जीप १५ वर्षांत जेवढी पळत नाही तेवढी बस दोन-तीन वर्षांत पळते. रोज २०० किलोमीटर आणि वर्षाला ३०० दिवस धरले तरी वर्षाचे ६० हजार होतात. बाकी प्रवासी गाड्यांना फिटनेस सर्टिफिकेट लागतं, ८ वर्षांनंतर दरवर्षी. त्यात ब्रेक, दिवे, धूर बघतात. होज पाइप किती वर्षांचा आहे हे कोण विचारतो?

“पैसे नाहीत,” हे पहिलं उत्तर येतं. पाइपाला पैसे नाहीत आणि हेडला आहेत? खरेदीची फाइल टेबलावर पडून राहते आणि दोष ड्रायव्हरला नाहीतर फिटरला लागतो.

“फिटर लोक उगंच पार्ट बदलायला लावतात,” हे दुसरं. खोटं नाही, आमच्या धंद्यातही तसली माणसं आहेत. डिझेल इंजिनचं ऑइल चार दिवसांत काळं होतंच, काजळी धरणं हे त्याचं कामच आहे. तरी ‘काळं झालंय, बदला’ म्हणून पैसे घेणारे मी बघितलेत. याला उपाय एकच, नोंद. कधी बदललं, किती किलोमीटरला, मोजल्यावर काय निघालं. नोंद असली की लुबाडणाराही सापडतो आणि टाळणाराही.

“आता विजेच्या बस येणार,” हे तिसरं. येऊ द्यात. त्यांनाही कूलंट, होज पाइप, बेअरिंग, ब्रेक असतातच. ‘चालतंय की’ म्हणणारा तोच राहिला तर त्याही अशाच उभ्या राहतील.

मागणी साधी आहे. प्रत्येक डेपोत, प्रत्येक कार्यालयात बोर्ड लावा : गाडी नंबर, किलोमीटर, मागचं काम, पुढचं काम कधी. पट्टे, पाइप, फिल्टर कायम शिल्लक ठेवा. ड्रायव्हरच्या तक्रारीवर, गाडी का सोडली, हे अधिकाऱ्यानं सहीनिशी लिहावं. सही करायची म्हटल्यावर ‘चालतंय’ म्हणणारे कमी होतील.

आणि आपण काय करायचं? २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. १० रुपयांचं तिकीट लावा आणि आपल्या गावच्या बसचं, ॲम्ब्युलन्सचं, अग्निशमन गाडीचं लॉगबुक मागा. मी त्या बंद फेरीच्या गाडीसाठी अर्ज लिहून ठेवलाय, सोमवारी देणार आहे. उत्तर आलं की इथंच टाकतो.

त्या पोरीचा पेपर बुडाला. परत ती फेरी कधी सुरू होणार, एवढं तरी कुणीतरी सांगा.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा, पण स्वतःच्या गाडीचा होज पाइप आज एकदा दाबून बघा. इंजिन गार असताना!